ठकीची ओळ

सगळा दोरा उसवून माझ्या मांडीवर पडला, त्याचा मी गोळा करून चुलीत पन टाकला, आनि तवा माझी सासू मागून आली, गोधडी बघितली न् कपाळावर हात मारला. "अगं बये! ठकीची ओळ उसवलीस?"

मी म्हनलं, "कंची ठकी?"

"अनसाकाकीची लेक गं! आता तुझं काय खरं नाय."

पोरगी पाळन्यात कुरकुरत होती, भात उतू जात होता, आनि मला काय सुधरंना. कारन ती गोधडी माझी नव्हती, अनसाकाकीची होती. आनि अनसाकाकी कोन ते सांगितल्याबिगर माझं भ्या तुमाला कळायचं नाय, म्हनून आदी ती सांगते.

अनसाकाकी आमच्या शेजारची. एकटी ऱ्हाते. डावरी हाय, सुई डाव्या हातात धरते. गोधड्या तशा आमच्या कर्जतकडं सगळ्याच बाया शिवतात, त्यात आता लढाई चालू हाय, नवं कापड डोळ्याला दिसत नाय, जुन्यावर जुनं लावूनच थंडी काढायची. पन काकीचा टाका म्हंजे तांदळाचा दाना. सगळे एका मापाचे. कोनाची पन गोधडी दिसू द्या, काकी ती उलटी करनार, डोळे मिटून अंगठा फिरवनार आनि म्हननार, "उसव!"

बस. "उसव आनि परत घाल."

पाटलीनबाय एकदा मोठ्या तोऱ्यात गोधडी घेऊन आल्या, मधोमध जरीचा काठ लावलेली. काकीनं काठाकडं बघितलंच नाय. अंगठा फिरवला न् म्हनली, "पाटलीनबाय, निम्म्यात कोनाशी भांडलात वाटतं. हितनं पुढं टाका दात खातोय." पाटलीनबाय लाल झाल्या. भांडन झालंच होतं, आनि कोनाशी ते पन सगळ्या गावाला ठावं होतं. "उसवा," काकी म्हनली. "रागातली गोधडी पांघरली तर झोप येत नाय."

गोधडीवर थांबंल तर ती काकी कसली. गुरुजी देवळापुढं पेपर वाचून दाखवतात. अमक्यानं हे गाव घेतलं, सोडलं, परत घेतलं. काकी ऐकता ऐकता म्हनली, "गुरुजी, ही लढाई कोनीतरी घाईत शिवलीय. उसवा म्हनावं त्यांना."

"काकी, हळू बोला. फौजदार ऐकंल."

"ऐकू दे की. त्याची बाही पन उसवायला झालीय."

आनि लग्नात! भटजी मंत्र भराभरा म्हनत होते, त्यांना पुढच्या गावात दुसरं लग्न होतं. काकी बायांतनं वरडली, "भटजीबुवा, मधे दोन टाके सोडलेत, परत घाला!" भटजींनी गुपचूप परत घातले. म्हंजे सोडले होतेच.

दुपारी तिच्या ओटीवर आमी चार-पाच बाया शिवायला बसतो. कोनाला वाटंल ह्यांना गोधडीची हौस. छे. मंजुळा येते कारन तोंडात दोरा धरला की सासूला उत्तर द्यावं लागत नाय. गंगूवैनीचा नवरा रातपाळी करून दिवसा घोरतो, तिच्या कानाला तेवढीच सुट्टी. मी येते भ्यापायी. मला सगळ्याचंच भ्या वाटतं. पालीचं, पोरीच्या खोकल्याचं, नवरा कर्जत टेसनात खलाशी हाय तर त्या रुळांचं, सासूच्या गप्प बसन्याचं. चौथीत शाळा सोडली ती पन मास्तरांच्या भ्यानंच. पन सुई हातात घेतली की एकेका टाक्यानं भ्या खाली उतरतं. पुढचा टाका कुठं पडनार ते मला ठावं असतं. बाकी जल्मात पुढं काय पडनार ते कुठं ठावं असतं मला?

काकीला इचारलं, तू कशाला गं शिवतेस येवढं, तर म्हनते, "मला थंडी वाजते." चैतात पन हेच सांगते.

आनि ती परीक्षा घेते. मुद्दाम एखादा टाका वाकडा घालून गोधडी आपल्या हातात देनार. सापडला नाय तर आठ दिस बोलनार नाय. हे ध्यानात ठेवा, ह्यानंच माझा घात केला.

ह्या पौषात पोरगी खोकून खोकून निळी पडायला लागली. मी रडत बसले होते तर काकी आली, तिची स्वताची गोधडी घेऊन. दांडीवर घडी घालून असायची ती, कोनाला हात लावू द्यायची नाय. पोरीला तिच्यात गुंडाळलं न् म्हनली, "रडू नको गं. रडून पोर गरम होत नाय. मी साजगावला भावाकडं चाललेय, चार दिसांनी यीन. नीट ठेव."

पोरगी घामेजली, दोन दिसांत छाती मोकळी झाली, दूध प्यायला लागली. मी खुशीत गोधडीवर अंगठा फिरवला, काकीसारखा डोळे मिटून. तर मधोमध एक ओळ लागली, येवढी वाकडी, जशी मुंगी ताडी पिऊन चाललीय. मी म्हनलं, परीक्षा! काकीनं मला धरायला घातलीय. आनि उसवली. सगळी. वर गानं म्हनत.

सासूनं मंग सांगितलं. ती ओळ ठकीनं घातलेली, सहा वर्साची असताना. सगळ्या गावाला उसवायला लावनाऱ्या काकीनं जल्मात तेवढीच एक ओळ उसवली नाय.

ठकीला दिली कडावला. पहिल्या दिवाळीला काकी लेकीकडं गेली, विहिनीनं मानानं घरातली चांगली गोधडी बसायला टाकली. काकी बसली. अंगठा गेला. विहीनबाय आत करंज्या ताटात घेत होत्या, तेवढ्यात काकीनं कमरेची सुई काढून निम्मी गोधडी उसवली! विहीनबाय ताट घेऊन बाहेर आल्या तर सगळीकडं दोरे. तवापासून त्या घरची वाट बंद. ठकीला म्हायेरी धाडत नाय. अकरा वर्सं झाली. लोकांनी काकीला सांगितलं, चुकले म्हन आनि मिटव. काकी म्हनली, "टाका वाकडा होता, तो सरळ होता म्हनू?"

मी दोन घास पन खाल्ले नाय. ऊन वर आल्यावर पोरीला त्याच गोधडीत गुंडाळली, कडेवर घेतली न् कडावची वाट धरली. म्हनलं, ठकीकडनंच परत घालून आनते. सासू म्हनली, "जा, पन मी धाडली म्हनू नको."

ठकी दारातच भेटली. तिनं गोधडी बघितली न् जी हातात धरली ती सोडंचना. सुई दिली तिच्या हातात. तिनं घातली ओळ. सरळ! तांदळाचे दाने! उसवली. परत घातली. परत सरळ! रडत रडत म्हनली, "नाय येत गं आता वाकडी. आईनं मारून मारून सरळ केलान माझा हात."

विहीनबाय खांबाला टेकून सगळं बघत होत्या. त्यांनी गोधडी ओढली, उलटी केली, इकडनं बघितली, तिकडनं बघितली, चूक काय सापडंना. तोंड कडू झालं. "बाईची जीभ वाकडी, टाके तेवढे सरळ," म्हनल्या, आनि आत जाऊन एक बोचकं घेऊन आल्या. तीच गोधडी! अकरा वर्सांपूर्वीची, निम्मी उसवलेली, दोरे तसेच लोंबतात. "ही बघ. मी शिवली नाय न् टाकली पन नाय. सांग तिला, उसवलीस तर येऊन शिवून दे. मंग बोलू."

ठकीनं ती सरळ ओळ परत उसवली. आमी दोघी बोचक्याकडं बघत ऱ्हायलो, तेवढ्यात ठकीच्या लेकीनं सुई उचलली न् काकीच्या गोधडीत खुपसली. सहा वर्साची पोर, जीभ बाहेर काढून, डाव्या हातानं. "आमच्या घरात कोन डावरं नव्हतं," विहीनबाय म्हनल्या, "कुनावर गेलीय देव जाने." पोरीनं ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत घातली ओळ, तशीच, ताडी प्यायलेल्या मुंगीची.

दुसऱ्या दिशी दुपारी काकी आली. चहा पन घेतला नाय, गोधडी मागितली. मी दिली न् तोंडात दोरा धरून बसले, सुईत काय ओवायचं नव्हतं तरी. काकीनं डोळे मिटले. अंगठा निघाला, मधोमध आला, थांबला. परत मागं गेला. परत पुढं. मला वाटलं आता म्हननार, उसव.

"हा हात डावरा हाय," काकी म्हनली.

मी दोरा दातांत घट्ट धरला.

"ल्हान हाय. पोरीचा हाय." अंगठा त्या ओळीवरनं निघंना तिचा. येवढ्या मोठ्या बाईचा. पाटलीन, भटजी, फौजदार, कोनाला म्हनून न भ्यायलेली ती बाई, आनि तिच्या तोंडावर मी माझंच भ्या बघितलं, अगदी तसंच.

"कोनाचा ते मी इचारत नाय," ती म्हनली. "इचारलं तर तू सांगशील. आनि सांगितलंस तर मला जावं लागंल. आनि तिनं दार लावून घेतलं तर?"

मंग गोधडीची घडी घालून पोटाशी धरली, आनि हळूच म्हनली, "ऱ्हाऊ दे. ही नको उसवू."

ती अजून माझ्यासमोर बसलीय. माझ्या तोंडात दोरा हाय. दोऱ्यामागं ठकीच्या पोरीचं नाव हाय, बोचक्याचा निरोप हाय, आनि ठकीची ओळ मीच उसवून चुलीत घातली हे पन हाय. एक काढलं की तिन्ही बाहेर पडनार. तुमी असता माझ्या जागी, तर काय केलं असतं?