बाईंना उचलून धरणारा माणूस

बाईंच्या कार्यक्रमाला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. पुढच्या रांगेत बसलात, हात हलवलेत, घसा बसेपर्यंत ओरडलात. छान! पण बाईंना अख्खा कार्यक्रमभर उचलून धरलंय का कुणी? मी धरलंय!

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आणि आमच्या बाई स्वतः गाणी लिहितात, स्वतः चाल लावतात आणि गिटार घेऊन स्वतःच गातात. त्यांची सगळी गाणी मला तोंडपाठ. पण समोर बसून गाताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकदा डोळे भरून बघायचं, बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं! त्यामुळे त्या आमच्या शहरात येणार कळल्यावर मी पहिल्या झटक्यात तिकिटं काढली. मी, बायको आणि मेहुणा. मेहुणा चष्म्याच्या दुकानात असतो. जगात फक्त आपल्यालाच स्पष्ट दिसतं, असं त्याला वाटतं.

आणि योग बघा! त्या सभागृहातली रंगमंचाची लिफ्ट माझ्याच देखरेखीखाली. रंगमंचाच्या मधोमध एक चौकोनी फळी आहे, ती तेलाच्या दाबावर तळघरातून वर येते. बाई तिच्यावर बसूनच लोकांसमोर प्रकट होणार होत्या!

दुपारी तपासणीला गेलो. लिफ्ट ठणठणीत होती, फक्त वर येताना जरासा हिसका द्यायची. सामानाला चालतो हो हिसका, बाईंना कसा चालेल? मांडीवर गिटार असणार! मी एक व्हॉल्व्ह आवळला, दुसरा थोडा सैल केला. पुन्हा थोडा आवळला, पुन्हा थोडा सैल केला. फळी अशी अलगद वर यायला लागली की तिच्यावर तान्हं बाळ ठेवलं असतं तरी जागं झालं नसतं! अर्ध्यापर्यंत चढलेली पाहिली आणि मी खूश होऊन घरी गेलो.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना मी सांगितलं, "आजोबा, ती लिफ्ट माझी बरं का!" मागच्या रांगेलाही सांगितलं. पुढची रांग स्वतःहून वळून म्हणाली, "ऐकलं आम्ही!"

दिवे गेले. वादकांनी सुरुवातीचं संगीत वाजवलं. वाजवून संपलं. रंगमंचावर बाईंचा भांग दिसला.

वादकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. कपाळ आलं.

"भावजी," मेहुणा कुजबुजला, "बाई येतायत की उगवतायत?"

"नजाकत म्हणतात याला! तुला नाही कळायची."

तिसऱ्यांदा वाजवलं. नाक आलं, हनुवटी आली, आणि खट्!

आता या लिफ्टला एक खोड आहे. ठरलेल्या वेळात वर पोचली नाही, तर काहीतरी अडकलंय असं समजून ती आपणहून बंद पडते. मी तिला इतकी सावकाश केली होती की तिला ते अडकल्यासारखंच वाटलं! पुन्हा चालू करायची किल्ली कंपनीच्या कचेरीत. आणि रंगमंचावर, झगझगीत उजेडात, नुसतं एक डोकं!

डोकं म्हणालं, "नमस्कार!" आणि गायला लागलं. हसू नका! मानेपर्यंत जमिनीत असताना सुरात गाऊन दाखवा, मग हसा. माझी छाती अभिमानाने भरून आली आणि सवयीने डोळे मिटले.

तेवढ्यात व्यवस्थापक धावत आले. "लिफ्टवाले कुणी आहेत का हो इथे?"

मेहुणा उभाच राहिला! "हे काय! मघापासून तेच सांगतायत सगळ्यांना!"

"अहो, जा की पटकन!" बायकोने मला ढकललं.

तळघरात वाकून शिरलो. अशा वेळेसाठी एक हातपंप असतो. त्याचा दांडा वरखाली केला की फळी थोडीथोडी चढते. मी जीव खाऊन दांडा मारला. वर टाळ्या पडल्या. बाई पोचल्या! घाम पुसून निघालो, तर पुन्हा टाळ्या. वळून बघतो तर फळी हळूहळू खाली येतेय! दुपारी सैल केलेला व्हॉल्व्ह तेल सोडत होता. वर उदास कडवं चालू होतं आणि बाई त्यात अक्षरशः बुडत होत्या. मी धावत जाऊन दांडा धरला. नेमकं धृपद आलं आणि बाई वर उठल्या. टाळ्यांचा कडकडाट!

गाणं संपल्यावर फळीच्या फटीतून आवाज आला, "खाली कोण आहे?"

बाई! माझ्याशी बोलत होत्या! "मी... लिफ्टवाला."

"दादा, असंच चालू द्या! लोकांना फार आवडलंय. उदास कडव्याला खाली, धृपदाला वर. जमेल?"

"जमेल का म्हणून काय विचारता बाई! सगळी गाणी पाठ आहेत!"

आणि जमवलं! एक धृपद चुकलं नाही. एक गाणं तर अथपासून इतिपर्यंत उदास. त्यात बाई कमरेपर्यंत गेल्या. अजून एक कडवं असतं तर माझ्याशेजारी येऊन बसल्या असत्या! ढोल, गिटार आणि मी, अशी साथ होती त्या दिवशी. फक्त आत कुठेतरी टोचत होतं. बाई माझ्या डोक्यावर गात होत्या आणि मला दिसत होता फळीचा तळ.

कार्यक्रम संपला. लोक गेले. मी व्हॉल्व्ह सोडून बाईंना खाली आणायला लागलो आणि पाठ करून हात पुसत बसलो. तेलकट हाताने नमस्कार कसा करायचा!

मागून आवाज आला, "दादा, आज तुमची ड्यूटी होती?"

"नाही बाई, तिकीट काढून आलो होतो," मी पाठमोराच, हात पुसत म्हणालो.

"अरे देवा! मग तुम्ही काहीच पाहिलं नाहीत?"

"हनुवटीपर्यंत पाहिलं, मग फळी पाहिली की!"

त्या मोठ्याने हसल्या. "बसा इथे, दांड्यापाशी. हे गाणं फक्त तुमच्यासाठी." आणि गिटार छेडून त्यांनी खरंच सुरू केलं! माझ्या एकट्यासाठी! मी मान वळवणार, तेवढ्यात सुखाने डोळेच मिटले. बाई गायला लागल्या की माझे डोळे मिटतात, जुनी सवय आहे. म्हटलं, एवढं कडवं ऐकू, धृपदाला उघडू आणि पोटभर बघू.

धृपद आलं. डोळे उघडण्याआधी हात कामाला लागला! संध्याकाळभर तयार झालेला हात तो, मला कशाला विचारतोय? डोळे उघडले तेव्हा समोर बाई नव्हत्या. डोळ्यांच्या रेषेत फक्त दोन बूट होते आणि तेही वर चालले होते!

"थँक्यू दादा!" रंगमंचावरून हसत आवाज आला. "गाडी थांबलीय, निघते!"

बाहेर बायको आणि मेहुणा थांबले होते. "अख्ख्या दिसल्या का हो एकदाच्या?" बायकोने विचारलं.

"दिसल्या तर!" मी ताठ मानेने म्हणालो. "उजव्या बुटाची टाच जरा घासलीय."