चिकटलेल्या ऑर्डरी

मलेशियातल्या इपोह शहरात कोक मेंग यांच्या कॉफीच्या दुकानात ऑर्डरी हरवतात, हे शनिवारी सकाळी उघड झालं. पाच नंबरच्या टेबलावरच्या म्हातारीने नूडल्सची बरीच वाट पाहिली आणि शेवटी शेजारच्याचा टोस्ट उचलून खाल्ला.

"आ सेंग, हिचे नूडल्स कुठायत?" मेंगनी स्वयंपाकघरात डोकं घातलं.

"माझ्या पडद्यावर आलेच नाहीत," आचारी म्हणाला. "आले असते तर केले नसते का?"

"मी पाठवलेत," वाढपीण लाई फोंगने टॅबलेट पुढे केला. "हे बघा, 'पोचलं' म्हणतंय."

मेंग यांची बायको वारल्यापासून दुकान लाई फोंगच सांभाळत होती. परवा समोरचा कॉफीवाला तिच्याकडे बघून हसला होता. मेंगना आता त्या हसण्याचा अर्थ लागला: ही त्याला फितूर आहे, मुद्दाम ऑर्डरी बुडवतेय.

ते तिच्यामागे खुर्ची टाकून बसले. मालक मानेवर श्वास सोडतोय म्हटल्यावर ती एकेक ऑर्डर जपून पाठवू लागली. एकही हरवली नाही. मेंग संडासला गेले, तिने तुंबलेल्या ऑर्डरी भराभर पाठवल्या, आणि दोन गायब.

"बघितलंस? नजर आहे तोवरच ही सरळ!"

"मग संडासला जाऊ नका, मालक," आचारी म्हणाला.

ऑर्डरींचा प्रोग्राम लिहिणारा डेरिक दुपारी आला. त्याने एक ऑर्डर पाठवली, पोचली. जरा थांबून दुसरी पाठवली, तीही पोचली.

"प्रोग्राम चोख आहे, अंकल. माणसं तपासा."

मेंगनी लाई फोंगला घरी बसवलं. तिने अ‍ॅप्रन सोडून टेबलावर ठेवला. "चोर सापडला की कळवा. मलाही बघायचाय."

रविवारी मेंगनी स्वतः टॅबलेट घेतला. गर्दीत तीन टेबलांच्या ऑर्डरी एका दमात पाठवल्या. पहिलं टेबल जेवलं, बाकीची दोन टेबलं चमचे वाजवत बसली.

"मालक," आचाऱ्याने विचारलं, "तुम्ही कधी जाताय समोरच्या दुकानात?"

डेरिकला पुन्हा बोलावलं. भर गर्दीत पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला. "पोचतात सगळ्या, अंकल. पण घाईत पाठवल्या की एकमेकींना चिकटून येतात. एका घासात आलेलं सगळं माझा प्रोग्राम एकच ऑर्डर समजतो. पहिली वाचतो, बाकीच्या फेकून देतो. एक कुठे संपली, हे त्याला कळतच नाही."

"माझी बायको ऑर्डर ओरडायची आणि संपली की काउंटरवर हात आपटायची. तुला एवढंही सुचलं नाही?"

"आता प्रत्येक ऑर्डरआधी तिची लांबी, म्हणजे ती किती अक्षरांची आहे ते पाठवतो. तेवढी वाचायची, मग पुढची."

संध्याकाळी मेंग अंड्याचे टार्ट घेऊन लाई फोंगच्या दारात उभे राहिले. तिने जाळीचं दार जेमतेम उघडलं.

"काय, घर तपासायला?"

"नाही. प्रोग्राममध्ये चूक होती."

"प्रोग्राममध्ये. आणि?"

मेंगनी घसा खाकरला. "उद्या सकाळी येशील?"

तिने एक टार्ट हुंगून पाहिला, डबा आत घेतला आणि दार लावलं.

सोमवारी ती कामावर आली. ऑर्डरी आता हरवत नाहीत. मेंगनी तिची माफी अजून मागितलेली नाही.