बाबांचा आवाज बंद करण्यात आला आहे

धाकट्यानं गाणं लावलं ते केवळ व्हिडिओत बाबांचा चेहरा जरा हसरा यावा म्हणून. त्यात त्याचा दुसरा काडीचाही हेतू नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्याच्यावर जे आरोप झाले, त्यांत "मुद्दाम केलंस" हाही एक होता.

बाबा म्हणजे जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते. कवळी काढून ठेवलेली, गाल आत गेलेले, आणि आठ दिवस तोंडातून शब्द नाही. त्या दुपारी थोरला कामावर होता, ताई तिकडे लांब तिच्या घरी, आणि धाकट्याची बायको औषधं आणायला गेलेली. बाबांनी डोळे उघडले आणि बोट हलवून धाकट्याला जवळ बोलावलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं कान बाबांच्या तोंडाशी नेला असता. पण धाकटा पडला टपाल कचेरीतला कारकून. बावीस वर्षं पोचपावत्या फाइलला लावून लावून तोंडी गोष्टींवरचा त्याचा विश्वासच उडाला होता. (बायकोनं "येताना साखर आणा" म्हटलं तरी हा म्हणायचा, "मेसेज टाक.") बाबा काहीतरी महत्त्वाचं सांगणार, उद्या दादा विचारणार, ताई विचारणार, हातात पुरावा नको? त्यानं फोन काढला, टेबलावर बाबांसमोर उभा केला आणि व्हिडिओ चालू केला. बाबांच्या तरुणपणीचं त्यांचं लाडकं गाणं टेबलावरच्या स्पीकरवर लावलं. जरा मोठ्यानंच लावलं, कारण बाबांना कमी ऐकू यायचं.

बाबा बोलले. चांगले एक मिनिट चाळीस सेकंद बोलले. तेवढ्यात धाकट्यानं कॉटखालचं भांडं पायानं आत सरकवलं, उशी सरळ केली, खिडकीचा उजेड बाबांच्या कपाळावर चमकत होता म्हणून पडदा ओढला. ऐकलं मात्र नाही. रेकॉर्ड होतंय, ते आत्ताच ऐकायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

त्या धावपळीत फोन सारखा कुरकुरत होता, जागा संपली म्हणून. धाकट्यानं तो व्हिडिओ एका व्हिडिओच्या साइटवर चढवला, भावाबहिणीपुरता, आणि फोनमधून पुसून टाकला. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला. शिस्तीचा माणूस!

ताई आली, चौथ्या दिवशी सगळे बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले. धाकट्यानं बटण दाबलं. पडद्यावर बाबांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही.

"आवाज वाढव," दादा म्हणाला.

वाढवला. नाही.

"वायर बघा," बायको म्हणाली. वायर बघितली. मग ताईनंच खालची बारीक ओळ वाचली: या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळल्यामुळे आवाज बंद करण्यात आला आहे.

 पडद्यावर बाबा जीव तोडून बोलत होते.

"मग काय म्हणाले ते?" ताईनं विचारलं.

"रेकॉर्ड केलं ना मी."

"अरे, पण तू समोर होतास!"

"समोर होतो म्हणूनच तर रेकॉर्ड करता आलं."

यावर दादानं डोक्याला हात लावला.

मग सुरू झालं ओठ वाचणं. बाबा एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होते एवढं दिसत होतं. दादानं खुर्ची पुढे ओढली, चार वेळा पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "वाटणी. घराची वाटणी म्हणतायत."

"काहीतरीच," ताईचे डोळे भरले होते. "राणी म्हणतायत. मला राणी म्हणायचे. शेवटी माझीच आठवण काढली त्यांनी."

"मला शहाणी म्हणायचे," बायको हळूच म्हणाली. "तीन आठवडे सगळं मीच तर करत होते."

दात नसलेल्या तोंडाचं हे असं असतं, ज्याला जे हवं ते त्यात बसतं. संध्याकाळपर्यंत वाटणी आणि राणी यांचं बोलणं बंद झालं आणि शहाणी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली.

धाकट्यानं तक्रारीचा फॉर्म उघडला. "हे संगीत तुमच्या मालकीचं आहे का?" नाही. "तुमच्याकडे परवानगी आहे का?" नाही. शेवटच्या चौकटीत त्यानं लिहिलं, "गाणं तुमचंच आहे. मधला माणूस आमचा आहे. तेवढा परत द्या." बारा मिनिटांत उत्तर आलं: दावा फेटाळला. त्यानं बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली. हे उत्तर चार मिनिटांत आलं.

आठवडाभर तो कचेरीतून आला की अर्ज करायचा. अर्जाची भाषा आधी कडक होती, मग नम्र झाली, मग नुसती रडकी. घरात तिघं तीन दिशांना तोंडं करून जेवत होती. शेवटी एक दिवस तो कचेरीतच अर्ज लिहीत बसला, तेव्हा तिथल्या तारवाल्यानं, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यानं, पडदा आपल्याकडे वळवला आणि म्हणाला, "साहेब, इथे खाली बटण आहे. फक्त गाणं पुसा, बोलणं ठेवा. हे दाबायचं सोडून अर्ज काय करताय?"

धाकट्यानं दाबलं. मशीन दोन तास दळत बसलं.

रविवारी सकाळी सगळे पुन्हा बसले. दादा हातात वही घेऊन, ताई रुमाल घेऊन. आवाज आला. पहिला आला तो धाकट्याचाच, फोनच्या अगदी जवळून: "हं बाबा, इकडे बघा. कॅमेऱ्यात. बोला."

मग बाबांचा. बारीक, खरखरीत, पण स्वच्छ.

"पाणी."

"छान. जरा मोठ्यानं."

"पाणी दे रे."

"हां, येतंय सगळं. बोलत राहा."

एक मिनिट चाळीस सेकंद. दादाची वही कोरीच राहिली. ताईनं रुमाल तोंडात कोंबला. शेवटी शेवटी बाबांचा आवाज नुसता श्वासाएवढा राहिला, आणि धाकट्याचा तेवढा आला, खणखणीत: "झालं. फार सुंदर बोललात, बाबा."

दादानं वही मिटली.

"मग," बायकोनं खालमानेनं विचारलं, "दिलंत का पाणी?"

"दिलं की," धाकटा म्हणाला. "आपणहून दिलं. म्हटलं, एवढं बोलले, घसा कोरडा पडला असेल."