न नेलेला चष्मा

आमच्या घरासमोरच्या चष्म्याच्या दुकानात तुम्ही गेलात, तर उत्तमराव आधी तुमचे डोळे बघत नाहीत. ते एक कोरं कार्ड काढतात, पेन्सिलीचं टोक जिभेला लावतात आणि विचारतात, "काय बघायचंय?"

"नंबर काढायचाय," असं तुम्ही म्हणालात की पेन्सिल खाली.

"नंबर मी काढतो. तुम्हाला काय बघायचंय, ते बोला."

एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यातून आलेला एक जण गोंधळून म्हणाला, "सगळंच!" उत्तमराव म्हणाले, "सगळं बघून कोणाचं भलं झालंय? एक सांगा." शेवटी त्यानं 'मोजपट्टीवरच्या रेघा' असं सांगितलं, तेव्हा कुठे त्याला खुर्ची मिळाली. त्यांच्या कार्डांवर अशाच नोंदी असतात : सुईचं नाक, बियाण्यातला किडका दाणा, वाटूरच्या बसची पाटी. चष्मा तयार झाला की तीच गोष्ट समोर धरून दाखवायची, गिऱ्हाईक 'दिसलं' म्हणालं की कार्डावर खूण करायची. बसच्या पाटीसाठी ते स्वतः पुठ्ठ्यावर 'वाटूर' लिहून रस्त्यापलीकडे उभे राहिले होते. दोन बायका पिशव्या घेऊन त्यांच्यामागे येऊन थांबल्या आणि विचारू लागल्या, "गाडी कवा सुटती, भाऊ?"

दुकानात आत दिवे लावलेलं एक काचेचं कपाट आहे. त्यात परदेशी नावांच्या महागड्या फ्रेमा आहेत. त्या विकण्यापेक्षा त्यांच्यापासून गिऱ्हाइकांना वाचवण्याकडेच उत्तमरावांचा कल. कॉलेजातल्या एका मुलीनं मोठा गोल चष्मा लावून पाहिला.

"बिलकुल न्हाई. तुझ्या तोंडावर नुसता चष्माच दिसून राह्यला. तू कुठं गेलीस?"

"काका, तुम्हाला धंदा करायचाय का नाही?"

"करूनच राह्यलो न. ठेव खाली."

पण त्यांचं खरं वेड निराळंच. तयार झालेला चष्मा दुकानात पडून राहिलेला त्यांना खपत नाही. लोक नंबर काढून जातात आणि विसरतात. मग रविवारी दुकान बंद ठेवून उत्तमराव स्कूटर काढतात. धावडा गावच्या एका आजोबांकडे गेले, तर आजोबा लेकीच्या गावाला गेलेले. उत्तमराव तिथंही पोचले. आजोबा खवळले, "अहो, मी येणारच होतो की!"

"कवा? चष्मा तिथं एकटा बसून राह्यलाय."

आजोबांना पंचांग वाचायला लावून, खूण करूनच ते परतले.

त्यांच्या खणात एक निळी डबी मात्र तशीच राहिली होती. "ही कुणाची?" मी एकदा विचारलं.

"पत्ता लागून न्हाई राह्यला," म्हणत त्यांनी काचा पुसल्या आणि खण लावून टाकला. लेकीच्या गावापर्यंत माणूस शोधत जाणाऱ्याला पत्ता लागू नये, याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण माझी पत्नी सुमन नुकतीच गेली होती. त्या दिवसांत मी फारशा चौकशा करत नसे.

तिच्या तेराव्याला उत्तमराव आले होते. खिशात हात घालून बराच वेळ दारात उभे. मी जवळ गेलो, तर म्हणाले, "सर, चष्मा द्या." माझ्या चष्म्याचा स्क्रू आवळला, परत दिला आणि निघून गेले. तेव्हापासून दर रविवारी, गावोगाव निघण्याआधी, माझ्याकडे. "ढिला झाला असंल." स्क्रू इतका आवळला गेला की चष्म्याची दांडी मिटेना.

"उत्तमराव, आता हा उघडाच ठेवावा लागतो."

"मंग जरा ढिला करतो," म्हणून ते पुन्हा बसले.

असं वर्षभर चाललं. गेल्या रविवारी ते आले, पण माझा चष्मा मागितला नाही. ती निळी डबी त्यांनी टेबलावर ठेवली.

"वैनींचा हाय. त्या जायच्या आधल्या आठवड्यात नंबर काढून गेल्त्या. तेराव्याला हाच घेऊन आल्तो. दर रविवारी खिशात असतो. काढणं न्हाई झालं. आज मात्र दिल्याबिगर उठणार न्हाई."

डबीत कार्ड होतं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'सरांचं बारीक अक्षर.'

मी जन्मभर मुंगीएवढ्या अक्षरात वह्या भरल्या. सुमननं त्या कधी वाचायला मागितल्या नाहीत. तिला आवड नसावी, असं मी धरून चाललो होतो.

उत्तमरावांनी टेबलावरची माझी वही ओढली. सुमनचा चष्मा पानावर धरून काचेतून वाकून पाहिलं. "बराबर दिसतंय. एकेक अक्षर." मग पानं उलटली. "पण हे जुनं हाय, सर. पुढं समदं कोरंच?"

सुमन गेल्यापासून मी एक ओळही लिहिली नव्हती.

"कोऱ्या पानावर काय दाखवू वैनींना? लिहा. मी बसून राह्यलो."

आणि खरोखरच बसले. माझा हात फार सावकाश चालतो. दोन वेळा चहा झाला. बाहेर स्कूटर उन्हात तापत राहिली. शेवटी एक ओळ झाली. ती त्यांनी सुमनच्या चष्म्यातून, ओठ हलवत, दोनदा वाचली.

मी पेन्सिल पुढे केली. "करा खूण."

उत्तमरावांनी कार्ड उचललं, क्षणभर पाहिलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं.

"एका ओळीवर काय समजतं, सर?" ते उठत म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो."