सल्लागाराची खुर्ची

"पंतप्रधानपद गेलं म्हणून मंत्रिमंडळ सोडायचं नसतं," आप्पांनी पावस गावच्या नाट्यमंडळाला सुनावलं. "बाहेरच्या देशांत माजी पंतप्रधानाला सल्लागार मंत्री करतात. पेपरात आलंय."

उत्सवाच्या नाटकात आप्पा वर्षानुवर्षं पंतप्रधान व्हायचे. पण गेल्या वर्षी युद्धाची घोषणा करताना त्यांची कवळी सुटली ती थेट पहिल्या रांगेत! मंडळाने पद काढून मुंबईच्या शुभंकरला दिलं. रंगमंचावाचून आप्पांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून त्यांनी ही वाट शोधली. मंडळाने खुर्ची दिली, संवाद एकही नाही. नुसती मान डोलवायची. मात्र आप्पा आपणहून सोडत नाहीत तोवर खुर्ची त्यांचीच, असा शब्दही दिला.

संवादच नाही म्हटल्यावर आप्पांनी कवळी बायकोच्या, सगुणाबाईंच्या, पर्समध्ये ठेवायला दिली आणि नवऱ्यामुलासारखे ऐटीत बसले. पहिला अंक मान डोलवण्यात छान गेला.

दुसऱ्या अंकात शुभंकर भाषणाला उभा राहिला आणि त्याची पाटीच कोरी झाली. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडला ते शेवटच्या रांगेला ऐकू गेलं, शुभंकरला नाही. त्याने केविलवाणं आप्पांकडे पाहिलं. पंतप्रधान सल्ला मागतोय आणि सल्लागार गप्प? आप्पांनी पहिल्या रांगेतल्या बायकोला खूण केली.

"घरात कधी गप बसलेत, तर हितं बसतील?" असं शेजारणीला सांगत सगुणाबाईंनी पर्स उघडली. कवळी या खेपेला प्रेक्षकांतून मंचावर गेली.

"साहेब," आप्पा गरजले, "माझा सल्ला असा, की जनतेला सांगा..." आणि अख्खं भाषण झाडलं, सल्ला म्हणून! शिट्ट्या पडल्या, वन्स मोअर आला. आप्पांनी तोच सल्ला पुन्हा दिला आणि त्या झपाट्यात तिसऱ्या अंकाचाही देऊन टाकला. कवळी जागची हलली नाही. आपण खरोखरच देश वाचवला, असं आप्पांना वाटून त्यांचा ऊर भरून आला.

त्याच भरात पंतप्रधानाचं शेवटचं वाक्यही त्यांच्या तोंडून गेलं.

"आणि म्हणून, बंधुभगिनींनो, मी या क्षणी राजीनामा देत आहे!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. शुभंकरला अख्ख्या नाटकात पहिल्यांदाच काहीतरी सुचलं.

"मंजूर," तो म्हणाला.

मंडळाच्या अध्यक्षांनी लगबगीने येऊन खुर्ची उचलून नेली. उरलेल्या टाळ्या आप्पांनी उभ्यानेच घेतल्या.