मागच्या फाटकाजवळचं हॉटेल

"हॉटेल निवडायचं म्हणजे आधी भिंत बघायची," रंगाऱ्याने बायकोला ठणकावून सांगितलं. "गादीचं काय, झोप लागली की सगळ्या सारख्याच."

तीस वर्षं लोकांची घरं रंगवलेला माणूस. लेकीचं चित्र शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयात लागणार होतं, आणि अकरा वाजता त्यावरचा पडदा बापानेच ओढायचा, हा तिचा हट्ट. राहायला तिने संग्रहालयासमोरचं हॉटेल सुचवलं होतं. याने फोटो पाहिले आणि नाक मुरडलं. कलेच्या वस्तीतली ही हॉटेलं म्हणजे नुसता देखावा. खुर्चीवर बसता येत नाही, दिव्याखाली दिसत नाही, आणि भिंतीचा गिलावा उखडून ठेवून वर त्याला सौंदर्य म्हणायचं! याने शोधून शोधून गुळगुळीत भिंतींचं हॉटेल काढलं. संग्रहालयाच्या मागच्या फाटकापासून चाळीस पावलं.

"मागच्या?" बायको म्हणाली.

"मग? मोठ्या इमारतीत पुढून कोण जातं?"

त्याचं तरी काय चुकलं? बड्या लोकांनी आजवर त्याला पुढच्या दाराने घेतलंच कुठे होतं? रंगाचा डबा मागून, आणि डब्याबरोबर माणूसही.

हॉटेलात रात्र काढून दुसऱ्या दिवशी दहाला, नवा पांढरा शर्ट घालून, बायकोला घेऊन तो मागच्या फाटकाशी हजर झाला. आतून मुकादम धावत आला.

"रंगारी?"

"हो," हा म्हणाला. खोटं कशाला बोलायचं?

"अहो, आठला बोलावलं होतं. चला लवकर."

दंडाला धरून मुकादमाने त्याला थेट मोठ्या दालनात नेलं. मधल्या भिंतीवर ओलीचा हा एवढा डाग. खाली लेकीचं चित्र पडदा पांघरून टेकवलेलं, शेजारी शिडी, रंगाचा डबा आणि रोलर.

"मी पाहुणा आहे हो," तो सांगू लागला, पण डोळा डागावर. "हे काम कोणी केलंय? खरवडलंसुद्धा नाही नीट."

"अहो पाहुणे," बायको म्हणाली, "पडदा ओढायला आला आहात आपण."

"आणि पोरीचं चित्र या डागावर टांगू? धर पिशवी."

बाह्या वर गेल्या, रोलर फिरू लागला. बायकोने शिडी धरली आणि खालून तोंडाचा पट्टा चालू ठेवला.

अकराला फोन वाजला. "बाबा, कुठे आहात? सगळे दाराशी थांबलेत तुमच्यासाठी."

"मी आत आहे."

"आत? दार तर अजून उघडलंच नाही."

मग ते उघडलं. पुढे संचालक, मागे लेक, तिच्यामागे अत्तराचा घमघमाट सोडणारी शे-दीडशे माणसं. समोर शिडीवर बाप, डोक्यापासून चपलेपर्यंत ठिपक्याठिपक्यांचा.

"हे कोण?" संचालकांनी मुकादमाला विचारलं.

"माझे बाबा," लेक म्हणाली आणि हसता हसता खालीच बसली.

संचालक कसनुसे हसले. "वा, वा. मग चित्र लावू या?" म्हणत त्यांनी भिंतीकडे हात नेला.

"हात लावायचा नाही!" बड्या माणसावर तो आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला. बरं वाटलं त्याला. "ओली आहे."

शेवटी चित्र एकीकडून मुकादमाने आणि दुसरीकडून खुद्द संचालकांनी उचलून धरलं. रंगाऱ्याने पडदा ओढला. बसच्या खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेली त्याची बायको जगासमोर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हुबेहूब," तो म्हणाला. "घोरणं तेवढं राहिलं."

बायकोने त्याला कोपर मारलं, आणि पुढे होऊन स्वतःला डोळे भरून पाहून घेतलं.

पाव तास झाला. लोक हलेनात. संचालकांच्या कपाळावर घाम डवरला.

"कधी वाळेल हो?" त्यांनी हळूच विचारलं.

रंगाऱ्याने भिंतीला बोटाचं टोक लावून पाहिलं.

"तासाभरात," तो म्हणाला. "मग दुसरा हात मारतो."