धनश्रीबेन बाउन्स बॅक करतात

माणूस मेल्यावर घरच्यांनी ठरावीक मुदतीत पूर्ववत व्हावे, हे समाजाच्या प्रकृतीला आवश्यक असते. आमच्या साडी मार्केटातल्या ऑफिसात या क्रियेला ‘बाउन्स बॅक’ म्हणतात. (शब्द इंग्रजी असला की रजा कमी लागते.)

दादा, म्हणजे माझे वडील, गेले त्याच्या आदल्या दिवशी काहीही घडले नाही. सकाळी लिंबायतच्या आमच्या खोलीत ते म्हणाले, “च्या मा साखर कमी शे.” मी ओरडले, “डाक्टरनी कमीच सांगेल शे!” त्या दिवशी अख्ख्या गल्लीने साखर कमी टाकली असावी. दादांनी जन्मभर लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात काम केले. कान तिथेच राहिले. त्यामुळे आमचे घर ओरडून बोलणारे. ओरडून सांगता येते ते असे: गॅस संपला, पाणी आले, गोळी घ्या. जे ओरडायला लाज वाटते, ते राहूनच जाते. व्यवस्था म्हणून ही उत्तम आहे.

तेराव्यानंतर कामावर गेले. मॅनेजर हिरेनभाई सद्गृहस्थ. त्यांनी माझी रोजची पाहणी सुरू केली: टिकली लावली का, डबा संपला का, स्टेटसवरचा दिवा काढला का. शेजारच्या टेबलावरची वैशाली टक्केवारी कळवी. बुधवारी मी साठ टक्के सावरले होते. गुरुवारी वांगी उरली म्हणून पन्नासवर आले. (वांगी कडू होती. पाहणीत तो रकाना नाही.)

शुक्रवारी एका व्यापाऱ्याला फोनवर पार्सलचे विचारले, सवयीने, घरच्या आवाजात. हिरेनभाई केबिनमधून धावत आले. “अरे वाह, धनश्रीबेन! क्या आवाज है! हो गया बाउन्स बॅक!” सगळ्यांसाठी नाश्त्याला लोचो मागवला. मीही खाल्ला, गरम होता.

संध्याकाळी घरी आले तर आई चहा देताना हळूच काहीतरी म्हणाली. मला ऐकूच आले नाही. आता कुणी ओरडायचे कारण उरले नव्हते. मी दादांच्या रिकाम्या खाटेकडे वळले आणि गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, “दादा, तुमना बिगर माले करमत नही!”

समोरच्या उषाबाई दारात आल्या. “काय वं पोरी, आजून सावरनी नही का तू?”

आमचे दादा बहिरे होते, म्हणून हे सांगायला एवढा उशीर झाला. तुमच्या घरी सगळ्यांना नीट ऐकू येते ना?